दारापुढची फळी

अहो,

तुमच्या आईंना पेज भरवलीय. शेजारच्या विनोदिनीकाकू दुपारभर त्यांच्याजवळ बसतील. भाकरी झाकून ठेवल्यात. नव्या पाइपा अजून जोडल्या न्हाईत, म्हणून नळाला आज पण पाणी न्हाई. पिंपातलं जपून वापरा.

पाइपांसाठी दारापुढं चर खणल्यापासून तुमी रोज कामावर जाताना त्यावरची फळी पलीकडं ओढून ठेवताय. आई पडतील, म्हणता. आई तर अंथरुणातनं उठत न्हाईत. फळीवरनं जाणारी मी एकटीच हाय, हे तुमाला बी ठावं हाय.

आज चरातल्या कामकरी बायांना हाक मारली, त्यांनी फळी टाकून दिली. मी कोरेगावला माहेरी चाललीय. फळी हाय तशीच ऱ्हाऊ द्या. आल्यावर ती जागेवर दिसली न्हाई, तर मी रस्त्यावरनंच माघारी फिरंन.

क्रांती