तोफ, खजूर आणि सातवी मॅच

मी, शरणप्पा वल्द गुरुलिंगप्पा बिराजदार, वय ४६, शाळेत ड्रिल मास्तर, राहणार उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, हा कागद आपखुशीनं लिहीत आहे. छाती दगा देते आहे, डोकं शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. पत्नी मल्लम्मा दोनदा येऊन "अजून किती लिहिणार" म्हणाली, तो दाब धरू नये.

१. राहतं घर, मागच्या आवारासकट, मल्लम्माचं. पोस्टातली बचतही तिचीच. ती हयात असेतो मुलगा महारुद्र यानं वाटणीचा विषय काढू नये.

२. महारुद्रास माझी सायकल, शिट्टी आणि मुद्गलांची जोडी. यांतलं तो काही वापरणार नाही, हे मला ठाऊक आहे. निदान सायकलीला तेल तरी घालावं.

३. श्रीमंतराव, आमचे कॉलेजातले कप्तान, यांस काही नाही. का, ते पुढं येतंय.

४. फुटबॉल. सन १९३८ साली हैदराबादेत आमच्या कॉलेजची टीम सात मॅच खेळली. हा त्या सातव्या मॅचचा बॉल. कॉलेजनं मोडीत काढला तेव्हा मी मागून घेतला. तो लालमहंमद यास द्यावा. लालमहंमद आमचा गोली, माझ्याच गल्लीतला. आता स्टँडजवळ त्याचं सायकलदुकान आहे.

त्या साली मॅच रमजानात आल्या. टीममध्ये पाच जणांना रोजा, त्यांत लालमहंमद. मध्यंतरात बाकीचे घागरीकडं पळत. मी गोलजवळच थांबे, मला तहान कमीच. मी फुलबॅक. लालमहंमदचे हात मातीनं भरलेले असत, म्हणून त्याचा खजूर माझ्या रुमालाच्या गाठीत. मॅच संपून रोजा सुटायची तोफ झाली की मी गाठ सोडायची आणि खजूर त्याच्या तोंडात घालायचा. सहा मॅच हाच रिवाज. सहाही जिंकलो.

सातवी फायनल. समोरची टीम उशिरा आली, त्यात बरोबरी झाली, म्हणून खेळ वाढवला. बॉल आमच्या हद्दीत असताना तोफ झाली. माझे पाय आपसूक गोलकडं वळले. गाठ सोडली, खजूर त्याच्या तोंडात घातला, आणि बॉल आम्हा दोघांच्या बाजूनं आत गेला.

श्रीमंतराव धावत आले. "शरणप्पा, जागा सोडून कशाला तडफडलास तिकडं?" मी काही बोलायच्या आत लालमहंमद म्हणाला, "म्याच हाक मारली त्याला. भूक आवरली न्हाय." श्रीमंतरावांनी त्याचं नाव टीममधून काटलं, माझं ठेवलं. नावाबरोबर त्याची फीमाफी गेली आणि कॉलेजही सुटलं. मला मात्र टीमच्या सर्टिफिकेटावर ही नोकरी लागली.

चोवीस वर्षं मी तो दिवस घोकतोय. तोफ आठवते, हाक काही आठवत नाही. त्यानं हाक मारली असेल तर माझी भाकरी हक्काची. नसेल मारली तर मी त्याची भाकरी खातोय, आणि मला त्याची लाज वाटते. रोज त्याच्या दुकानात हवा भरायला थांबतो, आज विचारू म्हणतो, आणि विचारात चाकात हवा जास्त होते. म्हणून माझ्यामागं महारुद्रनं बॉल त्याच्या हाती द्यावा आणि विचारावं, "काका, हाक मारली होती का?" उत्तर माझ्या समाधीपाशी येऊन मोठ्यानं सांगावं. जिवंतपणी ऐकायची माझी हिंमत नाही.

५. ज्ञानोबा अर्जनवीस सांगतो, ज्याला यातलं काही मिळणार त्यानं साक्षीला राहू नये, नाहीतर त्याचं मिळणं बुडतं. पहिली साक्ष ज्ञानोबाचीच. दुसऱ्या साक्षीला मल्लम्मानं गल्लीतलं कोणीही लिहितं माणूस बोलवावं.

उमरगा, ता. १२ फेब्रुवारी १९६३.

सही: शरणप्पा गुरुलिंगप्पा बिराजदार

साक्षीदार १: ज्ञानोबा विठोबा जमादार, अर्जनवीस

साक्षीदार २: लालमहंमद वल्द फकीर, सायकलदुकान.
मल्लम्मा वहिनींनी बोलावलं म्हणून आलो. वाचल्याबिगर मी कशावर सही करत न्हाय. कलम ४ वाचलं. शरणप्पा समोर बसून भिंतीकडं बघतोय, म्हणून इथंच लिहितो.
हाक मारली न्हवती. पण तू येताना दिसलास आणि मी बॉलवरची नजर काढली, हे बी खरं. अर्धा खजूर तोडून तुला द्यायचा होता. तहान कमी म्हणे! सात मॅच तू पाण्याला शिवला न्हाईस, मला काय दिसत न्हवतं? गोल आपण दोघांनी मिळून खाल्लाय. भाकरीचं उगं काढू नगंस.
बॉल नको, म्हणून साक्षीदार म्हणून सही करतोय. आज मला रोजा हाय. सांजंला रुमाल घेऊन दुकानावर ये. माझे हात वंगणानं भरलेले असतात.