पडद्यावरची आडनावं

नागपूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. रत्नमाला आत्यास टीनाचा सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नको. फोनवर तुझा स्पीकर चालूच असतो आणि आपलं बोलणं अर्ध्या एकोडीला कळतं, म्हणून लिहून राहिली.

कॉलेजात आम्हाला एका विनोदी प्रेमपटाची टायटल्स करायची आहेत. सिनेमा नाहीच, सुरुवातीला नावं येतात तेवढाच भाग. सर म्हणतात, हे दोघं आधी भांडणार आणि शेवटी एकत्र येणार हे प्रेक्षकाला तिथेच कळलं पाहिजे. त्यासाठी ठरलेला माल असतो: गुलाबी गोलमटोल अक्षरं, गिटार, कॉफीचा कप आणि धडक. मुलगा मुलीवर आदळतो, पुस्तकं पडतात, दोघं एकदम वाकतात. आमच्या गावाचा रस्ता रुंद आहे, कोणी कोणावर आदळत नाही, असं मी सांगून पाहिलं. सर म्हणाले, मग रस्ता अरुंद करा.

तर शूटिंग एकोडीत करते. तुझा अतुलदादा हिरो. बाबूलाल काकांच्या शालूला विचारशील का? ती दादाच्याच शाळेत शिकवते, म्हणजे ओळख आहेच.

मामाजींना जयभीम. माझ्यावरचा जीव कमी करू नको, फक्त जेवायचा आग्रह कमी कर.

तुझी टीना

एकोडी, १९ फेब्रुवारी २०२५

चि. टीनास आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

तू गेली, पण गाव अजून तुझ्याच शूटिंगवर बोलून राहिलं. सिनेमा नाही तर त्याची नावं कायले, असं आमचे हे, तुझे मामाजी, विचारतात. लग्न ठरायच्या आधी पत्रिका छापण्यासारखं आहे म्हणे.

चहाले कॉफी म्हणायला लावलं ते मी सहन केलं. पण अतुल. पहिल्या खेपेस तो धडकायच्या आधीच बाजूला सरकला अन् माफी मागून मोकळा झाला. मग त्याले असं जमलं, की तू ‘कट’ म्हटल्यावरही दोघं वाकूनच होते. पुस्तकं तर केव्हाच उचलून झाली होती. मी दारातून पाहिलं.

काल विचारलं तर त्यानं सांगून टाकलं. दोन वर्षांपासून त्यांचं ठरलेलं आहे. पोरगी मले आवडते, टीना. भीती तिच्या बापाची आहे. बाबूलालभाऊंच्या घरी आपल्याले चहा अजूनही वेगळ्या कपात येते. तुझ्या सरांच्या मालात असा कप आहे का, अन् त्यावर गिटार कशी वाजवतात, ते विचारून कळव.

तोवर ते शूटिंग कोणाले दाखवू नको. तब्येतीले जप, रात्री जागू नको.

तुझी आत्या

नागपूर, ११ मार्च २०२५

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच कॉलेजनं ते नेटवर टाकलं होतं. आता ते साकोलीपर्यंत फिरलं आहे. चूक माझी नाही, पण झोप माझीच गेली.

सरांना धडक आवडली. इतका खरा अभिनय कुठून आणला, असं विचारलं. फक्त एक दुरुस्ती सांगितली. मी अतुल रामटेके, शालू कापगते अशी पूर्ण नावं टाकली होती. आडनावं काढा, म्हणाले, आडनावानं गोडवा जातो. संध्याकाळी बाबूलाल काकांचा फोन आला. त्यांनाही आडनावच काढून हवं होतं, तेही आजच्या आज. पदवीधर माणूस आणि किराणा दुकानदार यांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं.

मी शालूला विचारलं. ती म्हणाली, राहू दे, जमलं तर अक्षरं मोठी कर.

मी केली. सरांनी शेरा दिला, विनोद कमी पडतो.

दादाला माझ्यातर्फे धीर दे. तुला भीती वाटली तर फोन कर, पण स्पीकर बंद करून.

तुझी टीना

एकोडी, २ मे २०२५

चि. टीनास जयभीम आणि आशीर्वाद.

तुझी परीक्षा होती म्हणून इतके दिवस कळवलं नाही. बाबूलालभाऊ मार्चमध्येच आपल्या घरी आले होते. दारातूनच अतुलले दम देऊन राहिले होते, तर मागून शालू स्कुटीवर आली. सरळ आत येऊन माझ्याजवळ बसली. भंडाऱ्याच्या नोंदणी कचेरीत लग्नाची नोटीस देऊन आली म्हणे, तिथल्या फलकावर वाचण्यापेक्षा बाबांनी माझ्या तोंडून ऐकावं. भाऊंना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. ऊन फार होतं अन् ते पायी आले होते, म्हणून शालूनंच त्यांना मागे बसवून घरी नेलं.

परवा लग्न झालं. कचेरीत तीन साक्षीदार लागतात. मी अन् तुझे मामाजी होतो, तिसऱ्याची वाट पाहून राहिलो होतो. तेवढ्यात शालूची आई, गिरजाबाई, एसटीनं एकटीच आली. आल्याबरोबर सही केली, मग झाडाखाली बसून माझ्या डब्यातलं आमच्यासंगं जेवली.

निघताना मी विचारलं, घरी गेल्यावर भाऊंना काय सांगाल. तिनं पदराले हात पुसले अन् म्हणाली, पोरीले सासरी पोचवून आली असं सांगीन, दुसरं काय.

नवी वहिनी पाहायले ये. कॅमेरा आणला तरी चालेल.

तुझी आत्या