पंखा खोलून बसलेल्या अब्बांना

अब्बा, परवा शाळेत पालकांपुढे ताणतणावावर बोलायला मला उभं केलं होतं. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं सांगितलं. मूल घाबरलं असेल तर हातातलं काम खाली ठेवा, त्याच्याजवळ बसा, त्याच्याशी बोला. लोक माना डोलवत होते आणि मला तुमचा असा राग आला की हातातला खडू मोडला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावर चिडायची सवय काही जात नाही.

हातातलं काम खाली ठेवा म्हणे! तुमच्या हातात तर संकट आलं की काम यायचं. चंद्रपुरात मोटार वाइंडिंगचं दुकान तुमचं, उन्हाळाभर कूलर-पंख्यांची रांग, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घरात काही बिनसलं की तुम्ही घरातलंच काहीतरी खोलून बसायचात. भाईजान बारावीत नापास झाला, तुम्ही मिक्सर खोललात. दादी पडली, तिला दवाखान्यातून आणून निजवलंत आणि शिलाई मशीनची मोटार पसरून बसलात. अम्मीच्या ऑपरेशनच्या दिवशी तर कहरच. आत तिचं पोट उघडलेलं आणि तुम्ही वॉर्डातल्या टेबलफॅनचे स्क्रू काढताय. नर्सबाई ओरडली, "ओ भाऊ, तुमाले कोनं सांगतलं? काऊन खोलून राह्यले?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आवाज करून राह्यला, बाई." अम्मी पुढे कितीतरी वर्षं हे सांगून हसायची. मला कधी हसू आलं नाही.

मला आठवतो तो मे महिना. माझ्या निकाहला आठ दिवस उरले आहेत. माजरीहून मुलाकडचे दोघे येतात, सरबतालाही हात लावत नाहीत, आणि सांगतात की नोकरी करणारी सून त्यांना नको. मी शिक्षिका होणार, ही अट माझी होती, आणि तुम्हीच ती त्यांच्या कानावर घातली होती. ते गेल्यावर तासाभरात मोहल्ल्यातल्या बायका अम्मीला ऐकवून जातात, पोरीला जास्त शिकवलं की असंच होतं. मी आतल्या खोलीत पलंगावर पडून आहे. तुम्ही येता. मला वाटतं, आता डोक्यावरून हात फिरवाल. तुम्ही स्टूल ठेवता, वर चढता आणि माझ्या डोक्यावरचा पंखा काढून घेऊन जाता.

चंद्रपूरचा मे महिना, अब्बा! भिंतीला पाठ टेकवत नव्हती. तुम्ही ओसरीत मांडी घालून पंख्याची जुनी तार काढलीत आणि नवी भरायला बसलात, ओठांतल्या ओठांत वेढे मोजत. मी घामाने निथळत बाहेर आले आणि विचारलं, "अब्बा, माझी चूक झाली का?" एवढंच विचारलं होतं. घरात आपण हिंदी बोलायचो, पण अडचणीत सापडलात की तुमच्या तोंडून गिऱ्हाइकाशी बोलायची मराठी निघायची.

"बोलून काय होते? थांब जराशी. पंखा तं फिरू दे."

"पंखा गेला खड्ड्यात, मले सांगा."

तुम्ही थांबलात, माझ्याकडे पाहिलंत, आणि वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलात. त्याच घटकेला मनातल्या मनात मी तुम्हाला पळपुटे म्हटलं, आणि तो शब्द आजवर मागे घेतलेला नाही.

पुढे नोकरी लागली, लग्नही झालं, नोकरी सोड म्हणणारं कुणी भेटलं नाही. तुम्ही दुकानात बसल्या बसल्या गेलात. लोक म्हणाले, मिस्त्री मोठे शांत होते. शांत कसले! आता प्रशिक्षणाच्या पुस्तकात वाचते की काही माणसं हात चालू ठेवून मन सावरतात, तोही एक मार्ग असतो. असेल. पण त्या दिवशी सावरायला मला हवं होतं, आणि तुम्ही आपले स्वतःलाच सावरत बसलात. यावरून मी तुमच्याशी अजून भांडते, भाजी चिरताना, वह्या तपासताना, कुठेही.

हा कागद कुठे पोचायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या दुपारी पंखा पुन्हा छताला टांगून तुम्ही तडक दुकानात निघून गेलात. मी बटण दाबलं. पंखा फिरला, पण उलटा. सगळी हवा छताकडे. इतकी वर्षं वाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रीने कंडेन्सरची वायर चुकीच्या जागी जोडली होती. तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तुमचं लक्ष कुठे होतं, ते मला तिथल्या तिथे कळलं. निरोप धाडला असता तर तुम्ही धावत आला असता, स्टुलावर चढला असता, आणि मी खाली उभी राहून पुन्हा तेच विचारलं असतं, माझी चूक झाली का. मी निरोप धाडला नाही. सबंध उन्हाळा त्या पंख्याखाली घामाघूम होऊन काढला, आणि अम्मीने विचारलं तर म्हणायची, छान वारा लागतो. तुम्ही उत्तर दिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. खरं तर तुम्ही "हो" म्हणाल, याचीच मला भीती वाटत होती.