पाणथरी आणि दोन पास

ती. पंडितदादास धाकट्या सुषमाचा नमस्कार.

‘तुला आपलं कोण नि परकं कोण, हेच कळत नाही,’ असं तू अकरा वर्षांपूर्वी ऐन अखाजीच्या सणाला, मी माहेरी आले असताना म्हणाला होतास. (मी वहिनीची बाजू घेतली म्हणून.) परवा डॉक्टरांनी माझ्या रक्ताबद्दल हुबेहूब तेच सांगितलं, तेव्हा मला वाटलं, हे तुझ्याशी बोलून आले की काय. तुझी कंबर कशी आहे? कविता वहिनीचे गुडघे? फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

इकडे बरं आहे. अंगावर निळे डाग उठतात नि दात घासताना रक्त येतं, एवढंच. रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी असतात, प्लेटलेट; त्यांना माझ्याच शरीरातले पहारेकरी शत्रू समजतात आणि पाणथरी त्या खाऊन टाकते. गोळ्यांनी भागलं नाही, आता पाणथरीच काढायची. (डॉक्टर तिला गुजरातीत बरोळ म्हणतात, आमची लेक मयुरी स्प्लीन. पहिल्या दिवशी मला वाटत होतं, तीन अवयव निघणार.)

खरा घोळ केला इथे कडोदऱ्यात लूमवर कामाला असलेल्या आपल्या गावच्या माणसांनी. गावचं कुणी दवाखान्यात म्हटलं की लूम सोडून सगळे धावतात, तसे अकरा जण आले. वॉचमनने पास दिले दोन. मग दोघांनी वर जायचं, खाली येऊन पास पुढच्यांना द्यायचे. डॉक्टरांना प्रत्येक जोडी माझी सख्खी वाटली, म्हणून त्यांनी पाणथरी सहा वेळा समजावली. (सहाव्या जोडीत धुडकूकाका एकटेच होते.) मला मात्र धड एकदाही नाही, घरचे सांगतील म्हणाले. घरच्यांनी सांगितलं! त्या अकरातली रंजना म्हणते, ते रक्ताचं स्मशान असतं. धुडकूकाका म्हणतात, पोलीस चौकी, आणि वर, ‘काढी टाक माय, काय कामनं शे ते!’ मयुरीचे पप्पा म्हणाले, ‘अगं, आमच्या खात्यातला तो चेकिंगवाला आठव. कापडाचा चांगला ताकाही डॅमेजमध्ये फेकायचा. त्याला घरी पाठवलं नि सुरळीत झालं.’ मी विचारलं, मग खराब ताके कुणी ओळखायचे? ते चहा आणायला गेले. (पाणथरी गेल्यावर जंतू ओळखायचं काम अडू नये म्हणून आधीच लसी टोचल्यात, हे नंतर सिस्टरने सांगितलं.)

दादा, मुठीएवढी वस्तू. चव्वेचाळीस वर्षं डाव्या बरगडीखाली मुकाट राहिली, मी कधी चौकशी केली नाही. आता जाणार म्हटल्यावर तिचीच बाजू घ्यावीशी वाटते. तिने जे खाल्लं, ते परकं समजूनच ना? (बघ, पुन्हा मी चुकीच्या बाजूला. की बरोबर? खरंच कळत नाही.)

काळजी करू नकोस. ऑपरेशन अगदी साधं आहे. वहिनीला नमस्कार.

तुझी,
सुषमा

ता. क. पपईच्या पानांचा रस पाठवू नकोस. चौघांनी आणलाय, कुंडीतली तुळससुद्धा आता नको म्हणते.

ता. क. साधं आहे, हे मीच म्हटलंय. डॉक्टर म्हणाले, रक्त थांबायला वेळ लागू शकतो. गुरुवारी सकाळी आहे.

ता. क. अकरा अखाज्या मला माहेरी न्यायला मुऱ्हाळी आला नाही. मी इथेच पुरण शिजवलं. या वेळी घरी सोडलं की न्यायला तूच ये. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. पण गुरुवारी दोनातला एक पास मी कुणाला देणार नाही. नाहीच म्हणायचं असेल, तर तो घेऊन वर ये आणि म्हण.