एक ब्लेमिश, कामाला आड न येणारं

आष्टा, ता. ९ मार्च १९४६

राजमान्य राजश्री हंबीरराव पाव्हणे यांस आष्ट्याहून नाथाजीचा रामराम. साताऱ्याची थंडी तुमच्या गुडघ्याला सोसत नव्हती, ती आता ओसरली असेल. तुमच्या बहिणीची तब्येत उत्तम आहे (माझ्यावर ओरडताना धाप लागत नाही, त्यावरून सांगतो). मीही बरा आहे. अंजना बरी आहे, पण आज आठ दिवस तुमची ही भाची माझ्याशी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही वाठारच्या लालासाहेबांच्या अर्जुनासाठी तिचं नाव सुचवलंत आणि त्यांनी मुलीची माहिती लिहून मागवली. आता पलटणीच्या घोड्यांच्या दवाखान्यात अठरा वर्षं काढलेला माणूस माहिती कशी लिहिणार? वय, उंची, दात चांगले (हे सवयीनं गेलं), आणि शेवटी, लपवाछपवी नको म्हणून, तिच्या हातावर भाजल्याचा वण आहे त्याबद्दल एक ओळ: 'मुलीला एक ब्लेमिश आहे, पण कामाला आड येत नाही.' आमच्या डॉक्टरसाहेबांच्या कागदावर दोन रकाने असत. अनसाउंड म्हणजे जनावर कामातून गेलं. ब्लेमिश म्हणजे नुसता डाग. दिसतो, पण जनावर धावतं, ओढतं, सगळं करतं. असल्या घोड्याला साहेब हसत हसत पास करायचे. इतका सोयीचा शब्द मला मराठीत सापडला नाही. 'डाग' लिहिलं तर कोड समजायचे, 'व्यंग' लिहिलं तर लंगडी.

लालासाहेबांनी तो शब्द गावच्या मास्तरांकडं नेला. मास्तरांनी कोश उघडून अर्थ काढून दिला: कलंक. आता तुम्हीच माझी ओळ पुन्हा वाचा. मुलीला एक कलंक आहे, पण कामाला आड येत नाही.

गेल्या शुक्रवारी ते स्वतः आले. चहाला हात लावला नाही. मी रानातून यायचा होतो, तेव्हा तुमच्या बहिणीला, साळूलाच, दबक्या आवाजात म्हणाले, "आवं वैनी, लपवू नगा. घरात कलंक हाय म्हंत्यात, त्यो कंचा?" साळूला माझ्या पत्राचा पत्ता नव्हता. ती म्हणाली, "कंचा म्हंजे? ह्ये काय, आलं की." आणि अंगणात पाय टाकणाऱ्या माझ्याकडं तिनं बोट केलं (आदरार्थी बोलली, एवढं मी मान्य करतो).

मग सगळा उलगडा झाला. मी त्यांना गोठ्यात नेलं, बैलाच्या मानेवर जुवानं पडलेला जुना वण दाखवला आणि म्हटलं, हे ब्लेमिश. लालासाहेबांना शब्द इतका पटला की हसून हसून पटका सुटला. अर्जुनाचं बर्माच्या लढाईत एक बोट गेलंय, ते कशात धरायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नांगर धरता येतो का? येतो म्हणाले. मग ब्लेमिश, मी म्हटलं. सोयरीक जमल्यात जमा होती. एवढ्यात गोठ्याच्या दारातून अंजना म्हणाली, "आबा, बैलाचं दावून झालं आसंल तर माजं दावू का?" पदराआडचा हात तिनं पुढं केला, आम्हा दोघांना नीट पाहू दिला आणि आत गेली. लालासाहेबांनी सुटलेला पटका बांधायला घेतला. मला त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही, खरं सांगतो.

मुलगा नको असं ती म्हणत नाही. पण जनावरासारखी तिची नोंद केलेला तो कागद परत आल्याशिवाय पाटावर बसणार नाही, असा साळूमार्फत मला निरोप आला आहे. बाकी सर्व क्षेम. तिकडं लहानथोरांना आठवण सांगावी.

आपला,
नाथाजी

ता. क. तेव्हा गुडघा बरा असो वा नसो, वाठारला जाऊन तो कागद घेऊन या. लालासाहेब सहजी देणार नाहीत. त्यांनी तो पटक्यात जपून ठेवलाय, आणि शब्द असा तोंडी बसलाय की फुटक्या घागरीलाही ब्लेमिश म्हणतात असं ऐकतो (हे चूक आहे, फुटकी घागर अनसाउंड).

ता. क. दुसरं. हे साळूला वाचून दाखवलेलं नाही. गुऱ्हाळावर अंजनाचा हात भाजला, त्या दिवशी कढत काकवीची घागर तिच्यावर कलंडली, ती माझ्या हातून. तिला ठाऊक आहे. तिनं आजवर आईलासुद्धा सांगितलेलं नाही. कागद आला की तिच्यासमोर त्या ओळीतलं 'मुलीला' खोडून 'बापाला' लिहीन म्हणतो. पुढचं 'पण कामाला आड येत नाही' ठेवायचं की तेही खोडायचं, ते तिनं ठरवावं.