तेजूच्या नाचात मी घुसलो त्याची हकीकत

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आणि नामपूरचा कांद्याचा भाव, दोन्ही बरे असतील अशी आशा धरतो. (दोन्हींचा भरवसा नाही.) फोनवर हा विषय निघाला की तुम्ही फोन ठेवता, म्हणून पत्र. तुमची लेक मजेत आहे. दोन वेळा जेवते, व्हीलचेअर माझ्या पायावरून नेते आणि वर मलाच दरडावते.

रविवारी इथं नाशकात तिच्या मंडळींच्या नाचाचा प्रयोग झाला. ‘पोरीला लोकांपुढं कशाला न्यायचं’ म्हणून तुम्ही आला नाहीत, तेव्हा सगळ्या घराण्याच्या वतीनं मीच पहिल्या रांगेत बसलो, मांडीवर आमच्या मळ्यातल्या झेंडूचा हार घेऊन. पडदा उघडला. एक अंध मुलगा, दोन कर्णबधिर मुली (त्या तळपाय रंगमंचाच्या फळीला लावून ठेका ओळखतात, मला कान असून जमत नाही) आणि मधोमध आपली तेजू. खुर्ची अशी गरागरा फिरवली तिनं, की मीच चक्कर येऊन पडतो की काय असं वाटलं. आणि दाजी, तेवढ्यात तीच खुर्चीतून धाडकन खाली! कुणी जागचं हलेना. तिला उचलायची माझ्या हातांना तिच्या लहानपणापासूनची सवय. धावलो. (चप्पल मात्र पायरीशी काढली. रंगमंच आहे, तसं कसं चढणार?) तिला उचलून खुर्चीत बसवलं आणि गडबडीत हारही घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेजू दातओठ खात म्हणाली, “मामा, मला पडायचंच होतं. आता उतर खाली!”

मागाहून कळलं, पडल्यावर एकटीनं पुन्हा खुर्चीत चढायचं, तोच खरा नाच होता. त्यासाठी तीन महिने ती रोज घामाघूम होत होती आणि मी तो अर्ध्या मिनिटात संपवला. ती रागानं रडली, मग मीही रडलो, मग दोघांनी मिसळ खाल्ली. पण मनाला फार लागलं. आपण तिला इतकं उचललं दाजी, की ती उठते कशी हे आपण कधी पाहिलंच नाही.

तुमचा मेहुणा,
गोरक्ष

ता. क. हे सुवर्णाताईला वाचून दाखवू नका. तिला मी ‘छान झालं’ एवढंच सांगितलंय.

दुसरा ता. क. येत्या शनिवारी पुन्हा प्रयोग आहे. मला शेवटच्या रांगेत बसायची ताकीद मिळाली आहे. पहिल्या रांगेतली खुर्ची तेजूनं तुमच्या नावानं राखून ठेवलीय. उठायला तिला चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुम्ही आपली खुर्ची घट्ट धरून बसा.