धाकट्याचं अक्षर

२ जून
डायरी, कित्येक महिने तुझ्याकडे फिरकले नाही, माफ कर. नवं गाव, नवी नोकरी, भाड्याच्या दोन खोल्या. लेक खिडकीवर खूश, मी नळाला पाणी येतं यावर.

फोटो स्टुडिओतलं काम सोपं आहे. गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यातलं कार्ड संगणकाला लावायचं, फोटो उतरवून छापायचे. लावलेल्या प्रत्येक कार्डाला संगणक ओळीने पुढचं मोकळं अक्षर देतो. इथे मात्र ‘डी’नंतर एकदम ‘एफ’. मालकांना विचारलं. म्हणाले, ताई, ‘ई’ आमच्या धाकट्या मुलाचं. तो कॅमेरा घेऊन गेला, परतलाच नाही. त्याचं कार्ड ‘ई’वर लागायचं. आला तर जागा नको का त्याला?

५ जून
शाळेच्या ओळखपत्रासाठी लेकीच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह नेला होता. मालक जेवायला गेले, तेव्हा त्या ड्राइव्हला ‘ई’ देऊन टाकलं. का? मधली रिकामी जागा डोळ्यांत खुपत होती, एवढंच? की दुसऱ्याचं दुःख मला खुळचट वाटलं?
फोटो छापले, ड्राइव्ह काढला. पडद्यावरून ‘ई’ गेलं नाही.

६ जून
‘ई’मध्ये एक फोटो आहे. आमच्या गल्लीचा. दोरीवर शेजारणीची ओली चादर. सकाळी निघताना मी तिच्याखालूनच वाकून आले.

७ जून
आज आमचा जिना. मग आमचं दार.
मालकांना सगळं सांगितलं. वाटलं, चांगलंच झापतील. ते रडायलाच लागले, आनंदाने. धाकटा येतोय ताई, ‘ई’ काढू नका, म्हणाले.
मी काढायला गेले. वापरात आहे, म्हणतो संगणक.

८ जून
आजच्या फोटोत लेक पाठमोरी, वेणी घालतेय. आरशात तिच्यामागे कॅमेरा धरलेले हात. वर चेहरा नाही—
धावत घरी गेले. ती ठणठणीत. आई, तुझं आपलं काहीतरीच, म्हणून हसली. उद्यापासून तिला दुकानात जवळ बसवणार.

९ जून
शेजारीच होती. मी गिऱ्हाइकाचं कार्ड लावायला वाकले, वळले तर— स्टूल रिकामं. खाली तिच्या चपला. दार आतून बंद.
गल्ली पालथी घातली. हाका मारून घसा बसला—
पडद्यावर ‘ई’, ‘एफ’. आणि ‘जी’. तिथे काहीच लावलेलं नाही. पुढे नाव— पिल्लू. असं फक्त मी म्हणते तिला.
उघडत नाही.
मालकांनी पाण्याचा पेला पुढे केला. येतात ताई, वेळ लागतो, म्हणाले.

उद्या: ‘जी’ कुणाला द्यायचं नाही. ती आली तर जागा—